चिकटलेली गर्भपिशवी: एका वंध्यत्व प्रकरणाचा अभ्यास

ओळख पटू नये म्हणून गाव, नोकऱ्या आणि काही घरगुती तपशील बदलले आहेत. वैद्यकीय घटनाक्रम मात्र जसा घडला तसाच ठेवला आहे. लिहिण्याला नवरा-बायको दोघांचीही संमती आहे.

पार्श्वभूमी

जोडपं सांगली-कोल्हापूर पट्ट्यातलं. तो दूध संघात नोकरीला, शिवाय घरचा थोडा ऊस. ती खासगी शाळेत प्राथमिकच्या वर्गांना शिकवते. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी दिवस राहिले तेव्हा ती २८ वर्षांची होती. नवव्या आठवड्यातल्या सोनोग्राफीत बाळाचे ठोके मिळाले नाहीत. तालुक्याच्या गावी क्युरेटिंग, म्हणजे गर्भाशय आतून खरवडून रिकामं करणं, झालं. पण अंगावरून जाणं थांबेना. तीन आठवड्यांनी पुन्हा सोनोग्राफी केली, आत थोडा अंश राहिलेला दिसला आणि दुसऱ्यांदा क्युरेटिंग झालं.

त्यानंतर तिची पाळी बदलली. आधी चार-पाच दिवस जायचं, ते दीड दिवसावर आलं. तेही जेमतेम एक पॅड. पोट मात्र पूर्वीपेक्षा जास्त दुखायचं. हे तिने पुढे जिथे जिथे दाखवलं तिथे सांगितलं. एका ठिकाणी "टेन्शन घेऊ नका" असं उत्तर मिळालं, दुसऱ्या ठिकाणी "बरंच आहे की, तेवढाच त्रास वाचला."

दोन वर्षं दिवस राहिले नाहीत म्हणून तपासण्या सुरू झाल्या. नवऱ्याचा वीर्य तपासणीचा रिपोर्ट चांगला, तिचं बीजांड वेळेवर फुटत होतं, एएमएच (बीजांडांचा उरलेला साठा सांगणारी रक्ततपासणी) वयाला साजेसं. गर्भाशयात रंगद्रव्य सोडून नळ्यांचा एक्स-रे झाला, दोन्ही नळ्या मोकळ्या निघाल्या. गोळ्या झाल्या, आययूआय (वीर्य थेट गर्भाशयात सोडणं) झाले. मग शहरातल्या एका केंद्रात आयव्हीएफ, म्हणजे शरीराबाहेर गर्भ तयार करणं. चांगल्या प्रतीचे चार गर्भ तयार झाले. एकेक करून दोन वेळा गर्भ गर्भाशयात सोडला, म्हणजे ट्रान्सफर झाली, दोन्ही वेळा राहिलं नाही. दोन गर्भ गोठवलेले उरले आणि पतसंस्थेचं कर्जही.

आमच्याकडे आली तेव्हा ती ३३ वर्षांची होती. सोबत कागदांनी भरलेली कापडी पिशवी, क्षयरोगाच्या औषधांची न फोडलेली पाकिटं आणि मागच्या केंद्राने दिलेला पुढच्या तपासण्यांचा कागद.

नेमकी अडचण

पिशवीतले कागद तारखेनुसार लावायला घेतले. त्यात नळ्यांच्या एक्स-रेचा रिपोर्ट होता. पहिल्याच ओळीत ठळक टाईपात "दोन्ही नळ्या मोकळ्या". चौथ्या ओळीत, साध्या टाईपात, "गर्भाशयाच्या पोकळीत डाव्या बाजूला अनियमित आकाराची रिकामी जागा, हवेचा बुडबुडा असू शकतो." फिल्म उजेडावर धरली. बुडबुडा गोल असतो, त्याची कड गुळगुळीत असते आणि पुढच्या फिल्मवर तो जागा बदलतो. ही जागा वेडीवाकडी होती आणि तिन्ही फिल्मवर तिथल्या तिथेच होती. गेली तीन वर्षं हा कागद तिच्या फाईलमध्ये होता. प्रत्येकाने तो उघडला असणार आणि पहिली ओळ वाचून मिटला असणार.

दोन्ही ट्रान्सफरच्या वेळी गर्भाशयाच्या अस्तराची जाडी ५.८ आणि ६ मिलीमीटर नोंदवलेली होती. इस्ट्रोजेनचा डोस वाढवूनही ती पुढे सरकली नव्हती. क्युरेटिंगनंतर लगेच कमी झालेली पाळी, वाढलेलं दुखणं, एक्स-रेमधली ती जागा आणि न वाढणारं अस्तर एकत्र ठेवल्यावर आमचा पहिला संशय आशरमन सिंड्रोमवर गेला. म्हणजे गर्भाशयाच्या आतल्या भिंती एकमेकींना चिकटणं. जर्मनीत फ्रिट्श यांनी १८९४ मध्ये असा रुग्ण नोंदवला होता. पुढे १९४८ मध्ये जोसेफ आशरमन यांनी त्याचं सविस्तर वर्णन केलं आणि त्यांचं नाव आजाराला चिकटलं.

नवऱ्याला हे समजावताना उसाचा आधार घेतला, कारण तो रानातला माणूस. अस्तराचा वरचा थर दर महिन्याला गळून जातो आणि खालच्या थरातून पुन्हा उगवतो. ऊस तुटून गेल्यावर खोडवा येतो तो जमिनीतल्या खोडक्यांमुळे. खोडकीच उपटली गेली तर पाणी द्या, खत द्या, फुटवा येणार नाही. बाळंतपण किंवा गर्भपातानंतरचे काही आठवडे गर्भाशय मऊ असतं. त्या काळात धारदार क्युरेटने खरवडलं तर खालचा थरही निघून येऊ शकतो, आणि उघड्या पडलेल्या दोन भिंती भरून येताना एकमेकींत मिसळतात. तो म्हणाला, "म्हणजे आम्ही तीन वर्षं खतच टाकत होतो."

हे फार दुर्मीळ आहे असं समजायचं कारण नाही. गर्भपातानंतर दुर्बिणीने आत पाहिलेल्या ९१२ स्त्रियांच्या अभ्यासांचा डच संशोधकांनी २०१४ मध्ये एकत्रित आढावा घेतला. त्यात १९.१ टक्के स्त्रियांमध्ये चिकटलेला भाग आढळला. त्यातला बराचसा विरळ, पातळ पडद्यासारखा होता, पण क्युरेटिंग पुन्हा पुन्हा झालेलं असेल तर धोका वाढतो हेही त्याच आढाव्यात दिसलं.

समोर असलेले पर्याय

मागच्या केंद्राच्या कागदावर तीन गोष्टी होत्या. अस्तर "ओरखडण्याची" प्रक्रिया पुन्हा करणं (एकदा झाली होती), अस्तर गर्भ स्वीकारायला कधी तयार होतं हे जनुकांवरून ठरवणारी ईआरए चाचणी, आणि रुग्णाच्याच रक्तातून काढलेलं पीआरपी (प्लेटलेट जास्त असलेला द्रव) गर्भाशयात सोडणं. तिन्ही गोष्टी आपल्याकडे सर्रास सुचवल्या जातात, म्हणून त्यांच्याबद्दल थोडं सविस्तर.

अस्तर ओरखडण्याचा प्रश्न २०१९ मध्ये बऱ्यापैकी निकालात निघाला. पाच देशांतल्या १३६४ स्त्रियांच्या चाचणीत ओरखडलेल्या आणि न ओरखडलेल्या, दोन्ही गटांत बाळ होण्याचं प्रमाण अगदी सारखं, २६.१ टक्के आलं. आमच्या रुग्णात तर ते करणं सरळसरळ चुकीचं होतं. जिचं अस्तर खरवडल्यामुळे गेलंय तिला पुन्हा खरवडायचं कशासाठी? ईआरएची कथाही फार वेगळी नाही. अमेरिकेत ७६७ स्त्रियांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, चाचणीनुसार वेळ ठरवलेल्या गटात ५८.५ टक्के तर नेहमीच्या वेळेला ट्रान्सफर झालेल्या गटात ६१.९ टक्के बाळं झाली. म्हणजे फायदा नाहीच. पीआरपीबद्दल छोटे अभ्यास आशादायक आहेत, पण त्यांच्या जोरावर पैसे घ्यावेत इतकं काही अजून सिद्ध झालेलं नाही, असं माझं मत. आणि पोकळीचा एक भागच बंद असेल तर ते सोडणार कुठे?

आमच्या दृष्टीने खरे पर्याय चार होते. हिस्टेरोस्कोपी म्हणजे दुर्बिणीतून आत पाहणं आणि चिकटलेलं सोडवणं. ते न जमल्यास किंवा नको असल्यास सरोगसी. दत्तक. किंवा इथेच थांबणं.

सरोगसीची चौकशी सासूबाईंनी आधीच केली होती. २०२१ चा कायदा लागू झाल्यापासून पैसे देऊन सरोगसी बंद आहे. वैद्यकीय कारण जिल्ह्याच्या मंडळाकडून प्रमाणित करून घ्यावं लागतं. सरोगेट २५ ते ३५ वयाची, विवाहित किंवा पूर्वी विवाह झालेली, स्वतःचं मूल असलेली हवी, आणि आयुष्यात एकदाच तिला हे करता येतं. तिच्यासाठी ३६ महिन्यांचा विमाही काढावा लागतो. सासूबाईंच्या नजरेपुढे एक भाची होती. त्या भाचीला कुणी विचारलं नव्हतं.

नवऱ्याने गर्भाशय प्रत्यारोपणाबद्दल विचारलं, कारण पुण्याची बातमी त्याच्या लक्षात होती. भारतातलं पहिलं गर्भाशय प्रत्यारोपण मे २०१७ मध्ये पुण्याच्या गॅलेक्सी केअर रुग्णालयात डॉ. शैलेश पुणतांबेकर यांच्या चमूने केलं. १८ ऑक्टोबर २०१८ ला तिथेच प्रत्यारोपित गर्भाशयातून एका मुलीचा जन्म झाला. ती आई गुजरातची, तिचं स्वतःचं गर्भाशय आशरमनमुळेच निकामी झालेलं आणि दान दिलं ते तिच्या आईने. म्हणजे प्रश्न अगदीच अवांतर नव्हता. पण दोन मोठ्या शस्त्रक्रिया, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं आणि शेवटी सिझर, हे सगळं आतून एकदाही न पाहिलेल्या गर्भाशयासाठी बोलणं घाईचं होतं. तसं त्याला सांगितलं आणि विषय बाजूला ठेवला.

पहिला निर्णय: क्षयरोगाची औषधं द्यायची का?

आमच्यात सगळ्यात जास्त वाद झाला तो इथे.

मागच्या केंद्रात अस्तराचा तुकडा घेऊन क्षयरोगाची पीसीआर चाचणी केली होती आणि ती पॉझिटिव्ह होती. आपल्या देशात जननमार्गाचा क्षयरोग हे वंध्यत्वाचं खरंखुरं कारण आहे. फुप्फुसातून रक्तावाटे जंतू पोचतात, आधी नळ्या धरतात आणि मग बऱ्याच स्त्रियांमध्ये अस्तर. क्षयरोगानेही गर्भाशय चिकटतं, आणि ते क्युरेटिंगच्या चिकटण्यापेक्षा घट्ट, सोडवलं तरी परत चिकटणारं. त्यामुळे हा रिपोर्ट झटकून टाकण्यासारखा नव्हता. आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचं म्हणणं सरळ होतं. सहा महिन्यांची औषधं सरकारकडून फुकट मिळतात. दिली आणि क्षयरोग नसला तर काय बिघडलं? असला आणि दिली नाहीत तर मात्र सगळं मुसळ केरात.

माझं म्हणणं वेगळं होतं. पीसीआर जंतूच्या जनुकाचा अंश पकडते. तो जंतू जिवंत आहे की कधीकाळी मेलेला, हे ती सांगत नाही, आणि प्रयोगशाळेतल्या दूषित नमुन्यानेही ती पॉझिटिव्ह येते. एकट्या पीसीआरवर उपचार सुरू करणं मला पटत नाही. शिवाय या बाईच्या दोन्ही नळ्या मोकळ्या होत्या आणि एक्स-रेवर त्यांचा आकारही चांगला होता. क्षयरोग अस्तरापर्यंत पोचावा आणि नळ्या धडधाकट राहाव्यात, हे सहसा घडत नाही. तिच्या पाळीला तर तारीख होती. दुसऱ्या क्युरेटिंगच्या पुढच्याच महिन्यापासून ती कमी झाली.

"काय बिघडलं?" या प्रश्नाचंही उत्तर होतं. आयसोनियाझिड आणि पायराझिनामाइड यकृताला त्रास देऊ शकतात. रिफॅम्पिसिनमुळे यकृत इस्ट्रोजेन झपाट्याने संपवतं, म्हणजे शस्त्रक्रियेनंतर अस्तर उगवायला आम्ही जे देणार तेच निष्प्रभ होणार. आणखी एक बाजू, जी वैद्यकीय चर्चेत बसत नाही म्हणून बोलली जात नाही. क्षयरोगाची नोंद सरकारदरबारी करावी लागते. ती करायलाच हवी यात वाद नाही, पण आशाताई औषधांची चौकशी करायला घरी येते, आणि त्या घरात नणंदेचं लग्न ठरत होतं. हे कारण निदानाच्या आड येऊ नये. पण निदानच नसताना हे ओझं तिच्यावर का टाकायचं?

शेवटी ठरलं ते असं. औषधं आत्ता सुरू करायची नाहीत. हिस्टेरोस्कोपीच्या वेळी नव्याने नमुना घेऊन तीन ठिकाणी पाठवायचा: सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीला, सीबीनॅटला (क्षयरोगाच्या जंतूची जनुकीय चाचणी) आणि कल्चरला (जंतू वाढवून पाहणं). त्याच भुलीत पोटातूनही दुर्बीण घालून नळ्या आणि पोटाचं आवरण पाहायचं. लॅप्रोस्कोपीचं आणखी एक छिद्र कशाला, यावर थोडी कुरकुर झाली, पण तिचा दुहेरी उपयोग होता. गर्भाशय आतून सोडवताना भिंत आरपार गेली तर वरून लगेच दिसलं असतं. ज्येष्ठ सहकाऱ्यांनी एक अट घातली. कल्चरचा रिपोर्ट यायला सहा आठवड्यांच्या वर लागतात, तो हातात येईपर्यंत ट्रान्सफरचं नाव काढायचं नाही. अट रास्त होती.

दुर्बिणीतून काय दिसलं, काय केलं

पोटातली दुर्बीण स्वच्छ होती. क्षयरोगाचे दाणे नाहीत, चिकटलेलं काही नाही, नळ्या मऊ आणि नीट.

गर्भाशयात मात्र चित्र वेगळं. आत शिरल्यावर नेहमी त्रिकोणी पोकळी दिसते आणि वरच्या दोन कोपऱ्यांत नळ्यांची तोंडं. इथे पोकळी उजवीकडे वळलेल्या बोळकंडीसारखी होती. उजव्या नळीचं तोंड दिसत होतं. डावीकडे पांढुरका, चिवट पडदा वरपासून मध्यापर्यंत आला होता आणि त्याच्या मागे काय आहे ते कळायला मार्ग नव्हता. उजवीकडचं अस्तर गुलाबी होतं, काही ठिकाणी फिकट.

सोडवण्यासाठी विजेवर चालणारं उपकरण न वापरता साधी बारीक कात्री वापरली, कारण विजेच्या उष्णतेने उरलेला खालचा थरही भाजला जातो. पोटावर सोनोग्राफीचा प्रोब धरून एक सहकारी सतत सांगत होती की मागच्या भिंतीची जाडी किती उरली आहे. मधला पडदा सुटला. डावीकडे निम्म्यापर्यंत पोचल्यावर पांढऱ्या भागाची आणि स्नायूची सीमा कळेनाशी झाली. आत सोडलेल्या सलाईनचा हिशेबही वाढत चालला होता. सलाईन वापरताना शरीरात मुरलेल्या पाण्याची मर्यादा साधारण २५०० मिलीलीटर धरतात. आम्ही त्याच्या बरेच अलीकडे होतो, तरी थांबलो. डावं तोंड दिसलेलं नव्हतं. अजून दहा मिनिटं घेतली असती तर कदाचित दिसलं असतं, किंवा भिंत फुटली असती. दुसरी बैठक घेता येते, फुटलेल्या भिंतीवर पुढे गर्भ वाढवणं जोखमीचं असतं, एवढाच हिशेब केला.

भिंती पुन्हा चिकटू नयेत म्हणून आत छोटा फुगा काही दिवस ठेवला आणि इस्ट्रोजेनच्या गोळ्या सुरू केल्या. जुन्या पद्धतीप्रमाणे तांबी बसवली नाही. तांब्याने अस्तराला सूज येते, आणि ती इथे नको होती.

नमुन्यात क्षयरोगाच्या गाठी नव्हत्या. सीबीनॅट निगेटिव्ह. पुढे कल्चरही निगेटिव्ह आलं. औषधांची पाकिटं तिने दुकानात परत केली.

दीड महिन्याने दुसरी बैठक झाली. अपेक्षेप्रमाणे काही भाग पुन्हा चिकटला होता, पण विरळ. दुर्बिणीच्या टोकानेच सुटला. या वेळी डावीकडची सीमा ओळखता आली आणि डाव्या नळीचं तोंड दिसलं. पुढच्या महिन्यात शाळेच्या मधल्या सुट्टीत तिचा फोन आला: "मॅडम, तिसऱ्या दिवशीपण पॅड बदलावं लागलं." पाळी आली म्हणून इतकं आनंदाने सांगणारा फोन क्वचितच येतो.

अस्तर ६.८ वर अडलं

पाळी सुधारली तरी अस्तर ६.८ मिलीमीटरच्या पुढे जाईना. कॅनडातल्या ४०,००० हून जास्त ट्रान्सफरच्या नोंदी तपासलेल्या २०१८ च्या अभ्यासात, गोठवलेल्या गर्भाच्या बाबतीत जाडी ७ मिलीमीटरच्या खाली गेली की बाळ होण्याचं प्रमाण घटत जातं असं दिसलं. घटतं म्हणजे शून्य होत नाही. सातचा आकडा ही लक्ष्मणरेषा नव्हे, पण केंद्रांत तो तसाच वापरला जातो.

इथे तीन मतं होती. एक, लगेच ट्रान्सफर करावी, कारण चिकटणं परत येऊ शकतं. दोन, पीआरपी करून बघावं. तीन, काही महिने घरीच प्रयत्न करू द्यावेत. नळ्या मोकळ्या, बीजांड वेळेवर, नवऱ्याचा रिपोर्ट उत्तम. आयव्हीएफची गरज मुळात पडली ती कारण सापडलं नव्हतं म्हणून, आणि कारण आता सापडलं होतं. गोठवलेले गर्भ दोनच असल्यामुळे तेही राखून ठेवावेसे वाटत होते. जोडप्याने तिसरा पर्याय निवडला. कर्जाचे हप्तेही चालू होते, हे त्यांनी मोकळेपणाने सांगितलं.

सहा महिने गेले, राहिलं नाही. मग ट्रान्सफर ठरवली. मागच्या दोन्ही वेळा बाहेरून गोळ्या देऊन अस्तर वाढवलं होतं. या वेळी तिच्या स्वतःच्या बीजांडाच्या चक्रावरच काम केलं, गोळ्यांचा मारा न करता. जाडी ६.९ होती. एकच गर्भ सोडला. राहिलं.

बाळंतपण कुठे?

ठोके दिसले की बहुतेक केंद्रं पेढे घेऊन रुग्णाला निरोप देतात. आशरमनच्या रुग्णाचं तसं करता येत नाही. जिथे अस्तराचा खालचा थर नाही, तिथे वार थेट स्नायूत रुजू शकते. अशी वार बाळंतपणात सुटत नाही आणि रक्तस्राव आटोक्यात आणणं अवघड होतं. प्रसंगी गर्भाशय काढावं लागतं. तिच्या सोनोग्राफीत वार वरच्या बाजूला, डावीकडे होती. अगदी आपण कात्री चालवली त्याच भागात. स्नायूत शिरल्याची ठळक लक्षणं नव्हती, पण सोनोग्राफी स्वच्छ म्हणून धोका नाही असं म्हणता येत नाही.

घरच्यांचा बेत पहिलं बाळंतपण माहेरी करायचा होता. माहेरच्या गावातला दवाखाना ओळखीचा, डॉक्टरीणबाई घरच्यासारख्या, पण रक्तपेढी तासाभराच्या अंतरावर. आईचं म्हणणं, "आमच्या तिघी लेकी तिथंच झाल्या." आम्ही रिपोर्टचे आकडे सांगितले, त्याने काही हललं नाही. हललं ते त्या डॉक्टरीणबाईंना फोन केल्यावर. त्यांनीच आईला सांगितलं की या वेळी माझ्याकडे आणू नका. मग सातव्या महिन्यानंतर आईच लेकीसोबत शहरात राहायला आली, नवऱ्याच्या चुलत्यांच्या घरी. डोहाळजेवणही तिथेच झालं. रक्त आधीच जुळवून ठेवलं, भूलतज्ज्ञांना फाईल दाखवून ठेवली.

निष्पत्ती

छत्तिसाव्या आठवड्यात पाणी गेलं. कळा चांगल्या आल्या, बाळंतपण नॉर्मल झालं. मुलगी, २.३ किलो, जन्मताच रडली. वार अर्ध्या तासानंतरही पडली नाही. भूल देऊन हाताने काढताना उजवीकडची सहज सुटली, डावीकडचा एक भाग तुकड्यातुकड्याने आला. रक्तस्राव वाढला. औषधं दिली, गर्भाशयात फुगा फुगवून दाब दिला, रक्ताच्या दोन पिशव्या चढवल्या. दोन तासांनी सगळं आवाक्यात आलं. गर्भाशय वाचलं. हेच माहेरच्या गावात घडलं असतं तर रक्त यायलाच तास गेला असता.

काय वेगळं करता आलं असतं

सुरुवात पहिल्या क्युरेटिंगपासून. नऊ आठवड्यांवर ठोके थांबले असताना गोळ्यांनी पिशवी रिकामी करण्याचा पर्याय असतो. मिफेप्रिस्टोन आधी देऊन मग मिसोप्रोस्टॉल दिलं तर पहिल्या फेरतपासणीपर्यंत ८३.८ टक्के स्त्रियांत काम पूर्ण होतं, नुसत्या मिसोप्रोस्टॉलने ६७.१ टक्के, असं २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन चाचणीत दिसलं. अडचण अशी की महाराष्ट्रात गर्भपाताच्या गोळ्यांवरच्या कडक तपासणीमुळे बरेच औषध दुकानदार मिफेप्रिस्टोन ठेवतच नाहीत, आणि तालुक्याच्या डॉक्टरला क्युरेट हाताशी असते. पण हाताने चालवायची व्हॅक्यूमची पिचकारीही महाग नाही. धारदार क्युरेटऐवजी ती वापरा, हे जागतिक आरोग्य संघटना कितीतरी वर्षं सांगते आहे. दुसऱ्या वेळी तर थोडासाच अंश होता. आठवडाभर वाट पाहणं, गोळ्या, किंवा दुर्बिणीतून पाहून तेवढाच काढणं, यातलं काहीही आंधळेपणाने पुन्हा खरवडण्यापेक्षा बरं होतं. त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. रात्री रक्तस्राव घेऊन आलेली बाई समोर असताना पुढच्या पाच वर्षांचा विचार सुचत नाही.

वंध्यत्वाच्या तपासणीत मात्र अशी घाई कुणालाच नव्हती. "पाळी नियमित आहे का?" हे सगळ्यांनी विचारलं आणि तिने खरं उत्तर दिलं, नियमित आहे. किती जाते, किती दिवस जाते आणि कधीपासून कमी झाली, हे विचारून लिहून ठेवलं असतं तर आययूआय आणि आयव्हीएफच्या आधीच हिस्टेरोस्कोपी झाली असती. आता आमच्या केसपेपरवर त्यासाठी वेगळी ओळ छापली आहे: क्युरेटिंग किंवा बाळंतपणाआधी किती पॅड, नंतर किती. आणि एक्स-रेचा रिपोर्ट नव्हे, फिल्म मागवायची.

आमच्या बाजूने दोन गोष्टी अजून वादाच्या आहेत. सहा महिने घरी प्रयत्न करू दिले ते बरोबर होतं का? ज्येष्ठ सहकारी म्हणतात, तेवढ्यात पोकळी पुन्हा चिकटली असती तर? मी म्हणते, तीन महिन्यांनी गर्भाशयात सलाईन सोडून केलेल्या साध्या सोनोग्राफीने एकदा आत पाहून घ्यायला हवं होतं, म्हणजे हा वादच उरला नसता. दुसरं, वार डावीकडे आहे हे विसाव्या आठवड्यात कळलं होतं. तेव्हाच एमआरआय करावा असं मत पडलं होतं आणि खर्चाकडे पाहून आम्ही तो केला नाही. तयारी आधीच केलेली असल्यामुळे निभावलं, पण एमआरआय संशयास्पद आला असता तर नॉर्मलची वाट न पाहता ठरवून सिझर केलं असतं.

सध्याची स्थिती

मुलगी आता दीड वर्षाची आहे. दूध तोडल्यावर पाळी परत आली, अडीच दिवस. वार काढताना डाव्या बाजूला पुन्हा जखम झालेली असल्यामुळे पुढच्या गर्भारपणाचा विचार करण्याआधी हिस्टेरोस्कोपी करावी लागेल, आणि वार रुजण्याचा धोका या वेळी आधीपेक्षा जास्त धरावा लागेल, असं दोघांना लेखी दिलं आहे. गोठवलेला एक गर्भ शिल्लक आहे आणि त्याच्या साठवणुकीचं बिल दरवर्षी येतं. तिला तो वापरायचा आहे, नवऱ्याला आता जोखीम नको आहे. पुढच्या नूतनीकरणाआधी दोघं एकत्र येऊन बोलणार आहेत.